गॅलॅक्टोसिमियाची शंका आल्यास चाचणी कशी करावी

गॅलॅक्टोसिमिया म्हणजे दुधातील साखरेचा गॅलॅक्टोज हा घटक शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार. नवजात बाळाची कावीळ वाढत असेल, दूध पाजताच उलट्या होत असतील आणि वजन घटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आईच्या दुधासह सर्व दूध तत्काळ थांबवून सोयाआधारित आहार सुरू करावा. अहवालाची वाट पाहणे धोक्याचे आहे. या आजारात कमी असणाऱ्या, तांबड्या पेशींतील ‘गॅल्ट’ या विकराची (एन्झाइमची) पातळी दूध बंद केल्याने बदलत नाही. मात्र रक्त चढवण्यापूर्वीच नमुना घ्यावा, अन्यथा दात्याच्या पेशींतील विकरामुळे दोष झाकला जातो.

लातूर किंवा बीडहून मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, कागदावर सुकवलेला रक्ताचा थेंब साध्या टपालाने पाठवू नये, कारण उष्णतेने विकर निष्क्रिय होऊन निरोगी बाळही रुग्ण ठरू शकते. नमुना थंड पेटीतूनच न्यावा.

निदानाच्या पुष्टीसाठी ९ व्या गुणसूत्रावरील गॅल्टच्या जनुकाचे संपूर्ण वाचन मागावे. युरोपात आढळणारे मोजकेच बदल तपासणारी स्वस्त चाचणी आपल्याकडे, माझ्या मते, अपुरी आहे. आईवडील दोघेही वाहक (सदोष जनुकाची एक प्रत असलेले) असल्यास प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. मराठवाड्यातील मामेबहिणीशी किंवा भाचीशी झालेल्या विवाहांत तशी शक्यता वाढते, म्हणून नाते समुपदेशकाला आवर्जून सांगावे.