जुनं खोगीर टाकण्याआधी उलटं करून बघा

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या बऱ्याच जुन्या घरांत माळ्यावर एखादं खोगीर पडलेलं असतं. चामडं काळवंडलं, शिवण उसवली म्हणून ते मोडीत काढायची घाई करू नका. खोगिराचा जीव आतल्या सांगाड्यात आणि भरावात असतो.

आधी सांगाडा तपासा. पुढचा उंचवटा मांडीला टेकवून मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. किंचित लवलं तर चालतं. मधेच दुमडल्यासारखं झालं किंवा आतून करकर ऐकू आली, तर सांगाडा मोडलाय. पुढच्या कमानीच्या दोन्ही बाजू धरूनही दाबून बघा, त्या हलता कामा नयेत. मोडक्या सांगाड्याला पट्टी ठोकून ते खोगीर घोड्यावर घालू नका, मुक्या जनावराची पाठ कायमची दुखावते.

मग सफाई. आपल्याकडच्या पावसात बुरशी ठरलेलीच, म्हणून हे काम मिरगाच्या आत उरकावं. बुरशी घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. त्यानंतर ग्लिसरीनचा साबण, पाणी अगदी कमी. वाळवायचं सावलीतच. आजोबांचं खोगीर मी एकदा मे महिन्यात पत्र्यावर वाळत घातलं. संध्याकाळी बाजूची झालर वाकवली आणि ती पापडासारखी चिरली. त्या चिरेवरून अजून बोट फिरतं माझं.

वाळल्यावर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) एक पातळ हात द्या, गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी आणखी एक. तेल जास्त पाजलं की चामडं लिबलिबीत होतं, शिवणही कमजोर होते.

आता खरं काम, भराव. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण फालतू भरण्यासाठी वापरतो, पण घोड्याला ती भरतीच सोसावी लागते. खोगीर उलटं करून गाद्यांवरून डोळे मिटून तळवा फिरवा. गाठ, खळगा, कडक गोळा लगेच हाताला लागतो. चिंध्या आणि कापूस घामाने दबून गोळा होतात, ते सगळं काढून टाका. स्वच्छ, मऊ लोकर बोटांनी पिंजून चिमूट-चिमूट भरा आणि बोथट काठीने कोपऱ्यापर्यंत सारा. दोन्ही बाजू सारख्याच भरायला हव्यात. मधली पन्हळ मोकळी राहू द्या, कण्यावर काहीच टेकता कामा नये.

तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, अडकवायच्या वाद्यांची भोकं लांबली असतील किंवा चिरा दिसत असतील, तर वाद्या सरळ बदला. तुटतात त्या घोडा धावत असतानाच. अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी चपलांचे कसलेले कारागीर आहेत. या चपलांना २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे. चप्पल वादीने शिवतात, खोगिराला मात्र मेण लावलेला पक्का दोरा आणि दोन सुयांची शिवण लागते. म्हणून दोरा आपणच नेऊन द्यावा. रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचा, डावा पट्टा चढताना ताणून लांबतो, दोन्हींची अधूनमधून अदलाबदल करा.

शेवटी खोगीर घालून, वर बसून पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं जातात का बघा. फेरी मारून आल्यावर पाठ पाहा. घामेजलेल्या जागेत मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे बहुतेक दाब पडतोय. तेवढाच भराव उघडून सैल करा. नवी लोकर दबून बसते, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा एकदा तळवा फिरवा.