माल रेल्वेने पाठवायचा, तर कर्ज कशासाठी काढावे?

नाशिक जिल्ह्यातील एखादी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा व्यापाऱ्यांचा गट ट्रकऐवजी रेल्वेने माल पाठवण्याचे ठरवतो, तेव्हा चर्चा बहुधा स्वतःच्या वॅगन घेण्यावर येते. त्याआधी भाड्याचा हिशेब मांडावा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी साठ्यातील कांदा नाशिकहून दिल्लीला रेल्वेने गेला, तेव्हा ५६ ट्रकांइतका माल नेणाऱ्या एका रेकचा (म्हणजे पूर्ण मालगाडीच्या वॅगनसंचाचा) खर्च ७०.२० लाख रुपये, तर रस्त्याने ८४ लाख रुपये असल्याचे केंद्र सरकारने सांगितले होते. ही १३.८० लाखांची बचत स्वतःची एकही वॅगन न घेता मिळते.

२०१८ च्या जनरल पर्पज वॅगन इन्व्हेस्टमेंट स्कीमखाली खासगी मालकाला वॅगन घेता येतात, पण किमान एक पूर्ण रेक घ्यावा लागतो. याच योजनेखाली एनटीपीसी या वीज कंपनीच्या कोळशाच्या २० रेकसाठी आयआरएफसी या रेल्वेच्या वित्तपुरवठा कंपनीने सुमारे ७०० कोटींचे अर्थसाहाय्य देऊ केले, म्हणजे रेकमागे ३५ कोटी. कांद्याला लागणाऱ्या बंद वॅगनची किंमत वेगळी असेल; तरी अंदाजासाठी हाच आकडा घेऊन १० टक्के व्याज आणि १५ वर्षांची मुदत धरली, तर वर्षाचे हप्तेच साडेचार कोटींच्या घरात जातात. स्वतःच्या रेकमुळे भाड्यात १० टक्के सवलत मिळाली असे समजले, तर दिल्लीच्या एका फेरीमागे सात लाख सुटतात. परतीचा माल नसेल तर केवळ हप्ते फेडायला वर्षाला ६४ फेऱ्या लागतील. आठवड्याला एक फेरी केली तरी ५२ च होतात, आणि त्यात रेकची देखभाल धरलेलीच नाही. बारमाही माल नसलेल्या गटाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्ज काढायचेच, तर ते पॅकहाऊस (माल निवडून भरण्याची जागा), प्रीकूलिंग (पाठवण्याआधी माल थंड करणे) आणि प्रतवारी यंत्रासाठी काढावे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून अशा कामांच्या दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याज सवलत मिळते. द्राक्षांचे रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर मात्र जानेवारी ते एप्रिल या हंगामापुरते भाड्याने घ्यावेत. गाडीवर त्यांना वीज कोण पुरवणार, डिझेल कोणाचे आणि तापमानाची नोंद कोण ठेवणार, हे करारात लिहून घ्यावे. बँकेकडे मासिक हप्त्यांऐवजी हंगामानंतरचे हप्ते मागावेत, आणि प्रकल्प अहवालात परतीच्या मालाचे उत्पन्न लेखी मागणी हाती असेल तेवढेच दाखवावे.

खेळत्या भांडवलात हमाली आणि डेमरेज (वॅगन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकवल्याचा आकार) वेगळे धरावे. १,६०० टनांचा रेक म्हणजे ५० किलोच्या ३२,००० गोण्या. त्या ठरलेल्या वेळेत चढवायला मालधक्क्यावर किती टोळ्या येतील, हे मुकादमाशी आधीच ठरवून त्यानुसार रक्कम राखून ठेवावी.