वीज गेल्यावरही वाय-फाय: राउटरसाठी मिनी यूपीएस कसा निवडावा

वादळात तारेवर फांदी पडलेली असो किंवा महावितरणने पावसाळ्याआधीच्या देखभालीसाठी पुरवठा ठरवून बंद ठेवलेला असो, वीज गेल्यावर लॅपटॉप आणि मोबाइल आपापल्या बॅटरीवर चालूच राहतात. बंद पडतो तो राउटर. वास्तविक बहुतेक घरगुती राउटर ५ ते १० वॅटमध्ये भागवतात आणि एवढ्यासाठी हातात मावणारा मिनी यूपीएस, म्हणजे वीज जाताच राउटरला आतल्या बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, पुरेसा होतो. मात्र खोक्यावर छापलेले ‘चार तास बॅकअप’ कोणत्या राउटरसाठी मोजलेले आहेत, हे सहसा कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे निवड करायची ती आपल्या उपकरणाच्या लेबलावरून.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासावी: वीज गेल्यावर आपल्या घरापर्यंत इंटरनेट पोहोचत राहते का? फायबर थेट घरात येऊन मोडेमला जोडलेली असेल, तर बहुधा राहते, कारण अशा जाळ्यात कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत वाटेत असतात ते केवळ प्रकाश विभागणारे स्प्लिटर, आणि त्यांना वीज लागतच नाही. केंद्रात बॅटरी आणि जनरेटरची सोय असते. याउलट, काही ठिकाणी स्थानिक केबलचालक इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर एक स्विच बसवून तेथून प्रत्येक घरात तांब्याची लॅन केबल नेतो. तो स्विच इमारतीच्या विजेवर चालत असेल, तर आपण घरात कितीही चांगला यूपीएस ठेवला तरी वाय-फायचे चिन्ह दिसेल आणि इंटरनेट मात्र मिळणार नाही. अशा वेळी पैसे खर्च करण्याआधी केबलचालकाशी बोलून त्या स्विचलाच बॅटरी बसवून घेणे शहाणपणाचे आहे. फायबर असलेल्यांनी पुढच्या वेळी वीज गेली की मोडेम शेजारच्या किंवा सोसायटीच्या इन्व्हर्टरवर थोडा वेळ चालवून पाहावा: ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर राहिला आणि संकेतस्थळे उघडली, तर यूपीएस उपयोगी पडेल, ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर अडचण घराबाहेर आहे.

घरात आधीच इन्व्हर्टर असेल आणि वीज जाताक्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर कदाचित नवे काही घ्यावेच लागणार नाही. अनेक इन्व्हर्टरना मागे किंवा पुढे यूपीएस मोडचे बटण असते. त्या मोडमध्ये बॅटरीवर जाण्यास लागणारा वेळ इतका कमी होतो की राउटरला खंड जाणवत नाही. ज्या गावात विजेचा दाब सतत वर-खाली होतो तेथे मात्र या मोडमध्ये इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो, आणि तेथे राउटरपुरता वेगळा मिनी यूपीएसच बरा.

आता लेबलाकडे वळू. राउटरच्या अडॅप्टरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट १.५ अँपिअर किंवा ९ व्होल्ट असे काहीतरी लिहिलेले असते. व्होल्टचा आकडा यूपीएसच्या आउटपुटशी तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा यूपीएसकडे तेवढा किंवा त्याहून जास्त असला तरी चालतो, कारण उपकरण आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेते. पिनचा व्यास (बाहेरून ५.५ मिलिमीटर नेहमीचा, आतून २.१ किंवा २.५) आणि मधली बाजू धन असल्याचे चिन्हही जुळवून पाहावे, कारण धन-ऋण उलट झाल्यास राउटर जळू शकतो. फायबरचा मोडेम आणि राउटर वेगवेगळे असतील, तर दोन्हींना वीज मिळाली पाहिजे, आणि त्यांचे व्होल्ट वेगळे असू शकतात, हे विसरले जाते.

बॅकअपचा हिशेब एमएएचवर (मिलीअँपिअर-तास, बॅटरीवर छापलेला क्षमतेचा आकडा) कधीच करू नये. सेलचा व्होल्ट सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही: ११.१ व्होल्टची २६०० एमएएचची बॅटरी सुमारे २९ वॅट-तास ऊर्जा साठवते, तर ३.७ व्होल्टची ६००० एमएएचची बॅटरी केवळ २२. म्हणून एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणावे, आणि रूपांतरातील घट म्हणून त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. ३.७ व्होल्ट आणि ८८०० एमएएच असेल, तर साडेबत्तीसपैकी सुमारे २६ वॅट-तास हाती येतात. ८ वॅटचा राउटर त्यावर सव्वातीन तास चालेल, पण सोबत ६ वॅटचा मोडेम जोडला की दोन तासही मिळणार नाहीत. अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्ष वापर तिच्याहून कमी असतो. त्यामुळे त्या आकड्यावरून काढलेले उत्तर सावध असते.

जोडणी सोपी आहे: अडॅप्टर यूपीएसच्या इनपुटला आणि यूपीएसची केबल राउटरला. अडचण येते ती अडॅप्टरच्या क्षमतेची. १२ व्होल्ट १ अँपिअरचा जुना अडॅप्टर एकूण १२ वॅट देतो. त्यातील ८ राउटरने घेतल्यावर बॅटरी भरण्यासाठी ४ उरतात, आणि रिकामी बॅटरी भरायला आठ तासांहून जास्त लागतात. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या ठिकाणी हे परवडत नाही. यूपीएस उत्पादकाने सांगितलेला, बहुधा २ किंवा ३ अँपिअरचा, अडॅप्टर सोबत घ्यावा. साध्या पॉवर बँकेने आणि व्होल्ट वाढवणाऱ्या केबलने अडलेले काम निघते, पण अनेक पॉवर बँका चार्ज होत असताना अखंड वीज देत नाहीत, म्हणून ती कायमची सोय समजू नये.

आतल्या लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे मानक लागू आहे. खोक्यावर किंवा बॅटरीवर ते मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक नसेल, तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. यूपीएस राउटरवर, पडद्यामागे किंवा बंद कपाटात न ठेवता मोकळ्या हवेत भिंतीजवळ ठेवावा, कारण उष्णतेने सेल लवकर निकामी होतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा मुद्दाम अडॅप्टर काढून किती वेळ चालतो ते पाहावे. वेळ निम्म्यावर आला, तर नवी बॅटरी घ्यावी; यूपीएस फुगलेला दिसला, तर मात्र वेळ न मोजता लगेच वापर थांबवावा आणि तो ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.