अनोळखी किनाऱ्यावर थंड पाण्यातील स्कूबा डायव्हिंग: जाण्यापूर्वीची तयारी

तारीख ठरवण्यापूर्वी पहिली चौकशी करावी ती समुद्राच्या तळाशी असलेल्या तापमानाची. प्रवाशांसाठीच्या माहितीत बहुधा पृष्ठभागाचा आकडा दिलेला असतो. उन्हाळ्यात वरचे काही मीटर पाणी तापलेले असते आणि त्याखालचा थर्मोक्लाइन (गरम व थंड पाण्यामधला थर) ओलांडताच तापमान एकदम अनेक अंशांनी उतरते. समुद्र हवेच्या मागून तापतो आणि मागूनच निवतो, त्यामुळे समशीतोष्ण पट्ट्यात पाणी सर्वांत थंड असते ते हिवाळा सरता सरता, आणि सर्वांत उबदार उन्हाळ्याच्या अखेरीस. याला अपवादही आहेत: जिथे वारा पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो तिथे खालचे थंड पाणी वर येते, आणि दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हे ऐन उन्हाळ्यात घडते. वसंतात सूर्यप्रकाश वाढला की प्लवक फोफावतात आणि पाण्यातली दृश्यता पार घटू शकते, म्हणून तापमानाबरोबरच त्या महिन्यात पाणी किती स्वच्छ असते हेही तिथे नियमित उतरणाऱ्या डायव्हरना विचारावे.

यानंतरची सारी तयारी एका नियमाला धरून करावी, तो असा की एका डाइव्हमध्ये एकच गोष्ट नवी असावी. किनारा नवा आहे आणि त्याला इलाज नाही. म्हणूनच सूट, हातमोजे, पाण्यात बुडता यावे म्हणून लावायचे शिशाचे वजन, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारे यंत्र) यांपैकी काहीही तिथे प्रथमच अंगावर चढवण्याची वेळ येऊ देऊ नये, आणि शक्यतो जोडीदारही ओळखीचा असावा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. बोटे बधिर झाल्यावर आणि विचार मंदावल्यावर नवे काही शिकणे होत नाही, तेव्हा फक्त सवयीची हालचालच हाताशी असते.

किनाऱ्याचा अभ्यास घरबसल्या बराच होतो. सागरी नकाशावर खोली, खडक, जहाजांचे मार्ग आणि निषिद्ध क्षेत्रे पाहून घ्यावीत. संरक्षित क्षेत्रांचे व बुडालेल्या जहाजांविषयीचे नियम देशोदेशी वेगळे असतात, तेव्हा परवाना लागतो का हे आधीच लेखी विचारावे. भरती-ओहोटीचे कोष्टक काढावे आणि जमत असेल तर सहल अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत आखावी, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात त्याच जागी प्रवाह कितीतरी जोरदार असतो. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर पाणी साधारण सहा तासांत चढते, पण ते एकसारखे चढत नाही: मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते, म्हणून डाइव्ह त्या वेळेच्या बाहेर ठेवावी. आणखी एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही. कोष्टकातली पूर्ण भरतीची वेळ आणि प्रवाह प्रत्यक्ष थांबण्याची वेळ या दोन्ही अरुंद सामुद्रधुनीत किंवा बेटांमधल्या वाटेत एकच नसतात. हा फरक त्या जागेपुरता स्थानिक होडीवाल्याकडूनच कळतो.

लाटांची नुसती उंची पाहून भागत नाही, दोन लाटांमधला कालावधीही पाहावा. खोल समुद्रात ६ सेकंदांच्या लाटेची हालचाल साधारण २८ मीटरच्या खाली जवळजवळ विरते, तर १२ सेकंदांच्या लाटेची शंभर मीटरच्याही पलीकडे पोचते. त्यामुळे वरून शांत दिसणाऱ्या दिवशीही लांब कालावधीची लाट उथळ खडकांत डायव्हरला पुढेमागे फेकू शकते. किनाऱ्यावरून उतरायचे असेल तर आधी बाहेर येण्याची जागा निवडावी, ओहोटीला ती कशी दिसते हे स्वतः चालत जाऊन पाहावे, दुसरी पर्यायी जागाही हेरून ठेवावी आणि मगच उतरण्याची जागा ठरवावी. भरतीला पायरीसारखा वाटणारा खडक ओहोटीला दीडपुरुष उंच, शेवाळलेला कडा झालेला असतो, आणि दमलेल्या माणसाने पाठीवर सिलिंडर घेऊन तो चढणे अशक्यच असते.

शरीराची तपासणी यादीत वर असावी. थंड पाण्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि बुडालेल्या शरीरात रक्त छातीकडे सरकते. उच्च रक्तदाब असणाऱ्यांत याने फुफ्फुसांत पाणी साठण्याचा धोका वाढतो. पाण्यात असताना अकारण धाप, खोकला किंवा फेसाळ थुंकी आली तर डाइव्ह तिथेच संपवायची, हे जोडीदारालाही माहीत असावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावे. गारठ्याने बोटे पांढरी पडण्याचा त्रास ज्यांना आहे, त्यांनीही तो सांगावा.

सूट निवडताना काटकसर करू नये असे मला मनापासून वाटते. निओप्रीनची (सूटच्या फेसाळ रबराची) ऊब त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांत असते. १० मीटरवर दाब दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो तेव्हा हे बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो, आणि जिथे पाणी सर्वांत थंड तिथेच त्याची ऊब सर्वांत कमी पडते. ७ मिलिमीटरच्या वेटसूटवर (निओप्रीनच्या, आत पाणी शिरू देणाऱ्या सूटवर) एक छोटी डाइव्ह निभावते. पण १० अंश सेल्सियसच्या खाली, दिवसाला दोन डाइव्ह आणि मध्ये बोचरा वारा असेल तर ड्रायसूटच (अंग कोरडे ठेवणारा, आत हवा भरायचा सूट) योग्य. त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे आणि सहलीपूर्वी परिचित, उथळ पाण्यात त्याचा इतका सराव करावा की पाय वर जाऊन हवा पायांकडे धावली तरी गुडघे पोटाशी घेऊन, गोलांटी मारून सरळ होणे आपोआप घडेल. सूटमध्ये हवा भरायची ती केवळ दाब जाणवू नये इतकीच, आणि वर येताना खांद्यावरची झडप उघडी ठेवायची. आतील उबदार कपडे घामाने ओले झाले की निम्मे निरुपयोगी होतात, म्हणून त्यांचा दुसरा जोड घ्यावा. मनगटाचे व मानेचे सील सहलीपूर्वी ताणून तपासावेत, चेनला मेण लावावे, आणि सुटा सील व चिकटवायचे द्रव्य सामानात ठेवावे. हूड मानेवर घट्ट नसावा. तो घालून मान मागे टाकता येते का हे पाहावे आणि पाण्यात शिरताच त्यात थोडे पाणी जाऊ द्यावे, कारण थंड पाणी एकाच कानात शिरले तर गरगरते.

रेग्युलेटर गोठण्याचे कारण समजून घेतले की त्याची काळजी घेणे सोपे जाते. सिलिंडरमधील २०० बारची हवा पहिल्या टप्प्यात (रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडलेल्या भागात) एकदम प्रसरण पावते आणि प्रसरणाने ती अतिशय थंड होते; भोवतालचे पाणीही ४-५ अंशांचे असेल तर यंत्रणेवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा न थांबता वाहू लागते. तसे झाले तर सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो. युरोपीय मानक ईएन २५० नुसार थंड पाण्याच्या चाचणीत न उतरलेल्या रेग्युलेटरवर १० अंशांहून अधिक तापमानासाठीच, अशी खूण असते. ती शोधावी, आणि पर्यायी दुसऱ्या टप्प्यावरही (तोंडात धरायच्या जादा भागावरही) शोधावी, कारण गरज पडेल तेव्हा श्वास त्यातूनच घ्यायचा आहे. निघण्यापूर्वी सर्व्हिसिंग करून घ्यावे, पण शेवटच्या आठवड्यात नव्हे. त्यानंतर एकदोन डाइव्ह ओळखीच्या पाण्यात व्हायला हव्यात. गोठणाऱ्या हवेत, पाण्यात शिरण्यापूर्वी, रेग्युलेटरमधून उगाच श्वास घेऊ नये व पर्जचे (हवा सोडण्याचे) बटण दाबू नये. बीसीडी (तरंगणे सांभाळणारे, हवा भरायचे जाकीट) आणि सूटमध्ये हवा लांब दाबून न भरता थोडी थोडी भरावी. वाहत्या रेग्युलेटरमधून श्वास घेत वर येण्याचा सराव जोडीदारासोबत आधी करावा. भाड्याने मिळणाऱ्या सिलिंडरची झडप डिन (रेग्युलेटर आट्यांनी बसणारी) आहे की क्लॅम्पची, हे विचारून अॅडॅप्टर न्यावा.

शिशाच्या वजनाचा आकडा पूर्वीच्या वहीतून उचलू नये. जाड अंतर्वस्त्रे, नवा सूट आणि खारे पाणी यांनी तो बदलतो. भाड्याचा सिलिंडर अॅल्युमिनियमचा असेल तर तो रिकामा होत आल्यावर तरंगू लागतो, पोलादाचा सहसा तरंगत नाही. पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये ५० बार उरले असता, बीसीडी व सूट रिते करून वजन पुरेसे आहे का याची तपासणी करावी.

हवेचा हिशेब घरच्या सवयीने करू नये, गारठ्यात श्वास वाढतो. डाइव्ह कॉम्प्युटरवर अधिक सावध सेटिंग ठेवावे. कॉम्प्युटरऐवजी डाइव्हचे छापील कोष्टक वापरणाऱ्यांसाठी पॅडीचा (डायव्हिंगचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा) जुना नियम आहे की थंड वा श्रमाची डाइव्ह प्रत्यक्षापेक्षा ४ मीटर खोल धरून आखावी. खाली जाताना ऊब आणि वर येताना गारठा हा क्रम सर्वांत वाईट, कारण उबदार शरीर नायट्रोजन भरभर घेते आणि गारठलेले शरीर तो सावकाश सोडते. विजेवर तापणारे जाकीट वापरणाऱ्यांनी ते मध्येच बंद पडेल हे गृहीत धरूनच वेळ ठरवावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून दोन टॉर्च हवेत. केल्प (लांबलचक समुद्रशेवाळ) किंवा जाळ्यात अडकल्यास कापायचे साधन जाड हातमोज्यांतही काढता येईल अशा जागी असावे, आणि पृष्ठभागावरचा खुणेचा फुगा त्याच मोज्यांनी सोडून पाहिलेला असावा.

आपत्कालीन माहिती फोनमध्ये न ठेवता जलरोधक कागदावर लिहून होडीवर द्यावी: तटरक्षकांचा क्रमांक, व्हीएचएफचे (सागरी रेडिओचे) १६ क्रमांकाचे चॅनेल, सर्वांत जवळचे आणि चालू असलेले रीकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या आजारावर दाबाने उपचार करण्याची खोली), विमा, प्रत्येकाची औषधे. होडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर कितपत भरलेला आहे हे विचारायला संकोच करू नये. वाराबंद कोट, कोरडी टोपी आणि गरम पेयाचा थर्मास पाण्याबाहेर पडताच हाती यावा. अंग कापत असेल तर दुसरी डाइव्ह रद्द, आणि कडकडीत गरम पाण्याची अंघोळ लगेच नको. परतीचे विमान ठरवताना डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हर-सुरक्षेच्या संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास सोडावेत, आणि डीकम्प्रेशनचे थांबे (शरीरातला नायट्रोजन सुटावा म्हणून वर येताना घ्यायचे थांबे) लागले असतील तर त्याहून बरेच अधिक.

पहिली डाइव्ह उथळ, छोटी आणि आडोशाच्या जागी ठेवावी. कोणत्या वाऱ्याला, किती लाटेला, किती दृश्यतेला उतरायचे नाही याचे आकडे प्रवासाला निघण्यापूर्वीच सर्वांनी मिळून लिहावेत, कारण इतका खर्च करून किनाऱ्यावर उभे राहिल्यावर तो निर्णय जड जातो. त्याच कागदावर प्रत्येक दिशेच्या वाऱ्यासाठी एकेक पर्यायी, आडोशाची जागा आणि तिथे पोचायला लागणारा वेळ टिपून ठेवावा.