व्हायरसवरची औषधं आणि हृदयाची लय: या चुका टाळा

अँटिव्हायरल सुरू करताना लिव्हर-किडनीचे रिपोर्ट सगळे बघतात. ईसीजी मात्र रुग्णाला चक्कर आल्यावरच आठवतो. आधीचा ईसीजीच नसेल तर बिघडलं काय, हे ठरवणार कशावरून?

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक अमायोडारोनची, म्हणजे हृदयाची लय ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळीची. हे घेणाऱ्या रुग्णाला हिपॅटायटिस सी साठी सोफोसबुविरचा कोर्स दिला तर नाडी धोकादायक मंदावू शकते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, हा इशारा मार्च 2015 मध्येच दिलाय. तरी फाइलवर 'अमायोडारोन बंद' असं दिसलं की मंडळी निश्चिंत! एका रुग्णालयात हेच झालं. गोळी दोन दिवसांपूर्वी बंद, बीटा ब्लॉकर (हाही नाडी मंदावतो) तसाच चालू, सोफोसबुविरचा पहिला डोस देऊन रुग्णाला घरी धाडलं. तो परत आला तेव्हा घामाघूम, नाडी 34. ड्यूटीवरच्या पोराचं एकच पालुपद, "सर, ते तर बंद केलंय ना!" अरे बाबा, अमायोडारोन चरबीत मुरून बसतं, शरीरातून निघायला आठवडे नाही तर महिने लागतात. म्हणून मी 'सध्या काय घेता?' एवढ्यावर थांबत नाही. गेल्या सहा महिन्यांत काय घेतलं ते विचारतो आणि पाकिटं बघायला मागतो. दुसरा पर्याय नसेलच, तर पहिले 48 तास मॉनिटरवर आणि पुढे किमान दोन आठवडे रोज नाडी मोजायची.

दुसरी चूक ईसीजी मशीनवर आंधळा विश्वास. क्यूटी म्हणजे ठोक्यासाठी हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरून पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदांत; नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केला की तो क्यूटीसी. तापात नाडी 120, मोजलेला क्यूटी 360. बॅझेटच्या सूत्रानं क्यूटीसी येतो 509, की लगेच औषध बंद! फ्रिडेरिशियाच्या सूत्रानं तोच 454 भरतो. नाडी जोरात असताना बॅझेट आकडा फुगवतो. मी पट्टी घेऊन हातानं मोजतो; घाईतल्या नवशिक्यांना ते जुनाट वाटतं, वाटू दे. खरोखरच 500 च्या वर गेला, किंवा आधीपेक्षा 60 नं वाढला, तर मात्र वाट बघत बसू नका.

जुलाब-उलट्या होत असताना पोटॅशियम, मॅग्नेशियम न बघणं हा निव्वळ आळस. त्यात उलटीसाठी ऑनडानसेट्रॉन आणि छातीसाठी अझिथ्रोमायसिन जोडलं, म्हणजे क्यूटी वाढवणारी दोन औषधं आपणच भरली.

रिटोनाविर हे अँटिव्हायरल, म्हणजे कोविडच्या पॅक्सलोविड गोळ्यांमधलं सुद्धा, फ्लेकेनाइड या हृदयाच्या लयीवरच्या औषधासोबत देऊ नये. रक्तातलं फ्लेकेनाइड वाढतं.

कोविडवरच्या रेमडेसिविरवर नाडी मंदावली तर आधी रक्तदाब बघा आणि ईसीजी काढा. नुसत्या आकड्याला घाबरून धावपळ नको.

आणि एचआयव्हीच्या गोळ्या धडधड होतेय म्हणून रुग्णानं परस्पर थांबवू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. भोवळ येऊन पडला तर सरळ इमर्जन्सी.