आंबिया टिकवायचा तर आधी आळे बघा: संत्रा बागेतील वसंताची कामे

नागपुरात वसंत थोडेच दिवस टिकतो. पळस फुलतो तोवर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या संत्र्याच्या फुलोऱ्याची, फुले झडून वाटाण्याएवढी फळे दिसू लागतात, आणि मार्चअखेर पारा चाळिशीकडे सरकतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागातल्या फार्महाऊसवर बहुधा एकच माळी संत्रा, गुलाब आणि लॉन सांभाळतो. त्याचा सकाळचा पहिला वेळ संत्र्याला द्यावा. लॉन पिवळे पडले तर पावसाळ्यात पुन्हा हिरवे होते, गळालेले फळ परत लागत नाही.

संत्र्याची बहुतेक फुले गळतातच, त्याची धास्ती नको. हिरवी, निरोगी फळे देठासकट पडू लागली तर मात्र दुकानात जाण्याआधी जमीन उकरा. झाडाच्या घेराच्या कडेला वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर ओल बरोबर आहे. मेणासारखी चिकटली तर पाणी थांबवा. भुगा झाला तर लगेच द्या. अन्न-पाणी घेणाऱ्या बहुतेक मुळ्या वरच्या फूटभर थरात असतात. काळ्या जमिनीला भेगा पडल्या म्हणजे त्या तुटू लागल्या, आणि त्यावर घाबरून आळे तुडुंब भरले की उरलेल्यांना हवा मिळत नाही. आधी कोरड, मग पूर. यातच सर्वांत जास्त फळ जाते. ठिबक असेल तर पाणी रोज थोडे द्या, ड्रिपर खोडापासून दूर सरकवा आणि चोंदलेले ड्रिपर दर आठवड्याला तपासा.

पाटाने पाणी देत असाल तर दुहेरी आळे करा. आतले वरंबे खोडापासून दीड फुटावर, बाहेरचे झाडाच्या घेराच्या रेषेत. पाणी फक्त या दोहोंमध्ये फिरावे. खोडाला पाणी लागत राहिले तर फायटोफ्थोरा बुरशी शिरते आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होतो. डिंक दिसताच धारदार चाकूने रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावा. मलमासाठी 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना वेगळ्या 5 लिटर पाण्यात भिजवून दोन्ही एकत्र करा. भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको. द्रावणात लोखंडी पाते बुडवून तांबूस थर चढला तर चुना आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. जमिनीपासून 3 फूट उंचीपर्यंत खोडाला लावा.

आळ्यात तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) 4 इंच पसरा, पण खोडाभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी चढते.

ओल ठीक असूनही गळ चालू राहिली तरच फवारणी करा: जिब्रेलिक ॲसिड (फळगळ रोखणारे संजीवक) 1.5 ग्रॅम आणि युरिया 1 किलो, 100 लिटर पाण्यात. जिब्रेलिकची पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. बाजारातले 0.001 टक्क्याचे द्रावण वेगळे, हे प्रमाण त्याला लागू नाही. गळ रोखायला 2,4-डी हे तणनाशकही अगदी कमी प्रमाणात वापरतात, पण जवळ वांगी-टोमॅटो असतील तर ते टाळलेलेच बरे. वाऱ्याने उडालेले थेंबही ती झाडे वाकडी करतात.

नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, सिट्रस सायला ही रस शोषणारी कीड आणि पानाखाली काळी माशी शोधा. माशीच्या चिकट स्रावावर कोळशी (काळी बुरशी) वाढते, म्हणून काळी पाने पुसत बसण्यात अर्थ नाही, आधी माशी आवरा. 10 लिटर पाण्यात निंबोळी तेल 100 मिली आणि धुण्याची पावडर 10 ग्रॅम पुरते. पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी फवारा. फुले असताना कीटकनाशक नकोच, मधमाश्या मरतात.

मृगाची, म्हणजे पावसाळी बहाराची, फळे काढताना ओढू नका, कात्रीने देठ कापा. तोडा संपला की सल (वाळलेल्या फांद्या) थोड्या हिरव्या भागासह काढून जखमेला बोर्डो मलम लावा. गारपीट झाली तर पडलेली फळे त्याच दिवशी वेचून बागेबाहेर पुरा, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 3 ग्रॅम फवारा.

गुलाबाची जड छाटणी आता करू नका, ती ऑक्टोबरची. फक्त सुकलेली फुले काढा. लॉन दोन इंचांपेक्षा खाली कापू नका. कुंड्या एप्रिलपूर्वी 50 टक्के शेडनेटखाली घ्या.