स्पोर्ट्‌स कारचं इंजिन ऑइल तपासताय? या चुका टाळा

गणपतीला मुंबईहून आलेला माझा मावसभाऊ सकाळी सकाळी ऑइलचा रिकामा डबा घेऊन पडवीत आला. “ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) जवळजवळ कोरडी होती, लिटरभर ओतलं.” त्याची दोन दारांची स्पोर्ट्‌स कार आमच्या गुहागरच्या घराच्या चढावर, नाक वर करून उभी होती. ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये मागे सरकलेलं, आणि या गाडीची पट्टी पुढच्या बाजूला. इंजिन सुरू न करता चौघांनी धरून गाडी खाली सपाट रस्त्यावर घेतली. दहा मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा घातली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर!

कोकणात चढावर पट्टी बघायची ही चूक सहज होते, कारण आपल्याकडे सपाट अंगण मिळणंच मुश्कील. पेट्रोल पंपाचं काँक्रीट किंवा सड्यावरची मोकळी जागा गाठा, तिथेच मोजा.

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज तर मनातून काढूनच टाका. पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, ऑइलला रवीने ताक घुसळावं तसा घुसळतो. फेस होतो, पंपातून ऑइलबरोबर हवा जाते आणि बेअरिंगला पुरेसं वंगण मिळत नाही. वर धूर, सील गळणं, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होणं हे वेगळंच. आम्ही पट्टीच्या नळीतून बारीक नळी सोडून हातपंपाने ऑइल काढलं. एका पारदर्शक बाटलीवर शंभर-शंभर मिलिलिटरच्या रेघा मारल्या होत्या. थोडं काढायचं, थांबायचं, पट्टी बघायची. पाऊण तास गेला, पण इंजिन वाचलं. पट्टीची नळीच नसेल, तर काम जाणकार मेकॅनिककडे द्या.

कमी असेल तेव्हाही घाई नको. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचा फरक असतो. म्हणून दोनशे मिलिलिटर ओता, काही मिनिटं थांबा, मग पुन्हा बघा. ग्रेड आणि कंपनीची मान्यता मॅन्युअलमध्ये असेल तीच हवी.

आता मोजायची वेळ. साध्या चेंबरच्या बहुतेक गाड्यांत इंजिन गरम करून बंद करायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मग पट्टी बघायची. ड्राय संप इंजिनात ऑइलची टाकी वेगळी असते, आणि तिथे हा नियम उलटा पडतो. १९६४ ते १९९८ या काळातल्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ मध्ये इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जागी, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवूनच पट्टी बघतात. बंद इंजिनात टाकीतलं ऑइल क्रँककेसकडे, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या कप्प्याकडे झिरपतं, पट्टी कमी दाखवते आणि माणूस फसून ऑइल ओतत बसतो. आजच्या ९११ ला पट्टीच नाही. स्क्रीनवर मोजमाप होतं आणि तिथेही गाडी सपाट व इंजिन गरम लागतं.

डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की ऑइल कमी झालं, असं आपण धरून चालतो. तो दिवा ऑइलच्या दाबाचा आहे. कुंभार्ली घाटाच्या वळणावर तो लुकलुकला, तर ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढत असू शकतो. सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा.

ऑइल ओतायच्या झाकणाखाली पांढुरका थर दिसला की लोक घाबरतात. आपल्या दमट हवेत, घर ते समुद्र अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल तापतच नाही आणि वाफेचं पाणी तिथे साचतं. महामार्गावर तास-अर्धा तास गाडी चालवली की बहुधा तो थर जातो. पण तोच दुधाळपणा पट्टीवर असेल आणि कूलंटही उतरत असेल, तर गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासून घ्या. तोवर गाडी सुरू करू नका. पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप चढत असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. तिथे काढणं-ओतणं उपयोगाचं नाही, ऑइल बदलावं लागतं.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ही वेगळी गोष्ट. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीत पट्टीवरची पातळी वाढलेली दिसली, तर आत पाणी असू शकतं. किल्ली फिरवू नका, सेल्फही मारू नका. टोइंग करून न्या आणि मेकॅनिकने इंजिन उघडून बघेपर्यंत बॅटरी काढून ठेवा.